झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर राहिलेली कागदपत्रे : आता काय करावे?

प्रश्न : मनीषनगरची आई

नमस्कार. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी कागदपत्रांच्या प्रती हव्या होत्या, म्हणून शनिवारी दुपारी मी नागपुरातल्याच एका चौकातील झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, जातवैधता, आम्हा दोघींचे आधार, मुलीचे छायाचित्र आणि तिची सही अशा एकूण ११ फाइली होत्या. काउंटरवरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या क्रमांकावर मी त्यांपैकी ७ फाइली व्हॉट्सॲपने पाठवल्या. उरलेल्या मुलीने मला निरनिराळ्या दिवशी पाठवल्या होत्या. त्या शोधत बसण्यात वेळ जाऊ लागला, मागे रांग वाढली, तेव्हा दुकानातील मुलाने शेजारच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडून दिले आणि मी कोड स्कॅन केला. प्रती मिळाल्या, पैसे दिले आणि निघाले. लॉग आउट करायचे मात्र राहून गेले.

रात्री ८ च्या सुमारास आठवण झाली आणि फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून पाहिले, तर तो संगणक जोडलेलाच होता आणि त्यावरील शेवटचा वापर ७ वाजून ४० मिनिटांचा दिसत होता. मी ४ वाजताच तेथून निघाले होते. त्याच क्षणी मी लॉग आउट केले, पण मन शांत झालेले नाही. त्याचे आणखी एक कारण आहे. दुकानात उभी असताना त्या संगणकाचा डाउनलोडचा फोल्डर माझ्यासमोर उघडा होता आणि त्यात कोणाचा भाडेकरार, कोणाच्या रक्ततपासणीचा अहवाल आणि एका अनोळखी मुलीचे छायाचित्र असलेले प्रमाणपत्र मला सहज दिसत होते. दुसऱ्याच्या मुलीचा कागद मला दिसतो, तर माझ्या मुलीचा कागद उद्या कोणाकोणाला दिसेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

लॉग आउट केल्याने तिथे उतरवलेल्या फाइली पुसल्या जातात का? दुकानदाराला काय आणि कसे सांगावे? आणि आधारच्या बाबतीत मी आज घरबसल्या काय करू शकते?

उत्तर : मिहानमध्ये नोकरी करणारा

ताई, लॉग आउट करण्याचे महत्त्वाचे काम आपण केलेलेच आहे. त्यामुळे त्या ब्राउझरमध्ये आपले संवाद दिसणे थांबले. ७ वाजून ४० मिनिटांच्या नोंदीवरून कोणी आपले संदेश वाचले असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. व्हॉट्सॲप वेबचे पान उघडे राहिले की ते नवे संदेश घेत राहते आणि त्याची नोंद वापर म्हणूनच होते. आता जोडलेली उपकरणे आपला फोन बंद असतानाही चालतात आणि फोन १४ दिवस वापरला नाही तर ती आपोआप तुटतात. म्हणून ही यादी स्वतःच तपासावी लागते. फोनखेरीज ४ उपकरणे जोडता येतात. त्या यादीत अनोळखी नाव दिसल्यास तेही काढून टाकावे.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने ‘नाही’ असे आहे. व्हॉट्सॲप वेबमधून जी फाइल उतरवली गेली, ती त्या क्षणापासून विंडोजच्या डाउनलोड फोल्डरमधील एक साधी फाइल झाली आणि व्हॉट्सॲपचा तिच्याशी संबंध संपला. आधी दुकानाच्या क्रमांकावर पाठवलेल्या ७ फाइलींची स्थिती थोडी वेगळी आहे. त्या तिथल्या संवादातही आहेत. संदेश पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवसांपर्यंत ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करता येते, म्हणून हे वाचताच ते आधी करावे. छपाईसाठी संगणकावर उतरवलेली प्रत मात्र त्यानेही जाणार नाही. तिच्यासाठी दुकानात जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

तिथे गेल्यावर फाइल निवडून शिफ्ट दाबून डिलीट करण्यास सांगावे, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये न जाता थेट काढली जाते. डाउनलोडबरोबर डेस्कटॉपही पाहावा, कारण आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर बसवताना एक नवी फाइल तयार होते आणि ती अनेकदा डेस्कटॉपवर पडून राहते. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइलही विशेष सॉफ्टवेअरने परत मिळवता येते हे खरे आहे. परंतु दुकानातील धोका बहुतेक वेळा अशा कसबी माणसाकडून नसतो. उघड्या फोल्डरवर ज्याची सहज नजर पडते, अशा पुढच्या ग्राहकाचा धोका मोठा असतो आणि तो फाइल पुसल्याने निश्चित टळतो.

उत्तर : झेरॉक्सवाला, नंदनवन

मी स्वतः १२ वर्षांपासून हा व्यवसाय करतो, म्हणून काउंटरच्या आतली बाजू लिहितो. प्रवेशाच्या आणि भरतीच्या हंगामात दिवसाला शेकडो फाइली येतात. फाइल उतरवायची, उघडायची, पानावर बसवायची, छापायची आणि पुढच्या ग्राहकाकडे वळायचे, एवढ्याच क्रमाने हात चालतो. पुसणे हे त्या क्रमात कुठेच येत नाही. संगणक मंद झाला की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सगळे साफ केले जाते. ताईंच्या फाइली तिथे असतील त्या बहुधा याच कारणाने, वाईट हेतूने नव्हे. पण कारण काहीही असले तरी ज्याचा कागद आहे त्याचे नुकसान तेवढेच होते, हे मला मान्य आहे.

फाइली ठेवण्याचे आणखी एक कारण असते आणि ते ग्राहकांना ऐकायला आवडणार नाही. ‘मागच्या महिन्यात दिलेला माझा आधार तुमच्याकडे असेलच, तोच काढून द्या’, असे रोज चार-पाच जण तरी म्हणतात. फाइल नाही म्हटले की नाराज होतात. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ असेच आले आणि मी त्यांची फाइल शोधत असताना पडद्यावर दुसऱ्याच एका बाईंचा वैद्यकीय अहवाल उघडला गेला. त्या बाई आमच्याच गल्लीतल्या होत्या आणि त्या गृहस्थांनी त्यांचे नाव मोठ्याने वाचले. त्या दिवसापासून मी फाइली ठेवणे बंद केले.

आता माझ्याकडे ग्राहकासाठी ब्राउझरची वेगळी ‘गेस्ट’ खिडकी उघडली जाते. ती बंद केली की त्यातले सगळे लॉगिन संपते. उतरवलेली फाइल मात्र गेस्टमध्येही मागे राहते, हे बऱ्याच दुकानदारांना ठाऊक नाही. त्यासाठी विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे. डाउनलोड फोल्डरमधील जी फाइल १ दिवस उघडली गेली नाही ती आपोआप काढून टाकावी, असे तिथे ठरवता येते. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर नव्या संवादांसाठी संदेश २४ तासांत नाहीसे होण्याची मुदतही लावता येते. या दोन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि एकदा लावल्या की आठवण ठेवावी लागत नाही. हंगामात आम्हाला तेच हवे असते.

मोठ्या डिजिटल झेरॉक्स यंत्रांविषयीही सांगतो, कारण याचा विचार कोणीच करत नाही. त्यांपैकी अनेकांमध्ये स्वतःची हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. आपल्याकडे ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर जुनी, वापरलेली घेतली जातात. माझे यंत्र विकताना मी तंत्रज्ञाला बोलावून त्यातील साठवण आधी पुसून घेतली.

ताई, दुकानात दुपारी २ ते ४ च्या दरम्यान जा, तेव्हा गर्दी कमी असते. ‘माझ्या फाइली माझ्यासमोर पुसून द्या’ एवढेच सांगा. असे म्हणणाऱ्या ग्राहकाचा आम्हाला राग येत नाही.

उत्तर : निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर

आधारविषयी मी लिहितो, कारण नोकरीची शेवटची वर्षे याच तक्रारी ऐकण्यात गेली. आधी एक दिलासा. केवळ आधार क्रमांक किंवा त्याची प्रत हाती लागली म्हणून कोणी आपल्या खात्यातून पैसे काढू शकत नाही. त्यासाठी ओटीपी, बोटाचा ठसा किंवा तत्सम खात्री लागते. धोका वेगळ्या वाटेने येतो. आधार, छायाचित्र, सही आणि जन्मतारीख हे सगळे एकाच ठिकाणी मिळाले की आपल्या नावाने सिमकार्ड किंवा कर्ज घेण्याच्या खटपटीला लागणारी सामग्री पूर्ण होते. ताईंच्या ११ फाइलींमध्ये हे सगळे एकत्र होते, म्हणून त्यांची काळजी मला अनाठायी वाटत नाही.

मायआधार संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपमध्ये जाऊन आपले आणि मुलीचे बायोमेट्रिक आजच लॉक करावे. त्यामुळे ठसा, बुबुळ आणि चेहरा यांच्या आधारे होणारी ओळख-पडताळणी थांबते आणि गरज पडेल तेव्हा ती तात्पुरती उघडता येते. विक्रीखतांवरील अंगठ्यांवरून कृत्रिम ठसे तयार करून खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे देशात पोलिसांनी उघडकीस आणली आहेत, म्हणून हे कुलूप प्रत्येकानेच लावावे असे माझे ठाम मत आहे. लॉक केल्यानंतर सिमकार्ड किंवा रेशनसाठी अंगठा लावला की तो नाकारला जाईल. तेव्हा गोंधळून जाऊ नये. त्याच संकेतस्थळावर मागील ६ महिन्यांत आपला आधार कोठे पडताळला गेला याची नोंदही मिळते.

पुढच्या वेळी जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्यावा. त्यात १२ पैकी पहिले ८ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे ४ च दिसतात. ई-आधारच्या (संकेतस्थळावरून उतरवलेल्या आधारच्या) फाइलला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष; ज्याच्या हाती गुणपत्रिका आहे त्याला तो सहज कळतो. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या प्रती सरसकट देऊ नयेत आणि सायबर कॅफेसारख्या सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवणे टाळावे, असे पत्रक काढले होते. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल असे सांगून केंद्र सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतले. पत्रक मागे घेतले गेले तरी सार्वजनिक संगणकाबाबतचा त्यातील सल्ला मी घरात सर्वांना पाळायला लावतो.

संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसल्यास तिथेच कळवावे. आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक पतमापन कंपनीने (उदा. सिबिल) वर्षातून एकदा त्या नोंदींचा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सहा महिन्यांनी तो मागवावा, कारण आपल्या नावावरचे खोटे कर्ज बहुधा तिथेच पहिल्यांदा दिसते. प्रत्यक्ष पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा.

उत्तर : सिव्हिल लाइन्समधील वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने ठरवले. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, ही या शहरातील वकिलांना आजही अभिमानाची गोष्ट वाटते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर लागू होणार आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपल्यावर ती पुसावी, हे या कायद्याचे एक मूळ तत्त्व आहे. म्हणून दुकानदाराकडे फाइली पुसण्याची मागणी करणे ही ताईंनी विनवणी समजू नये. आपल्या कागदपत्रांचा किंवा सहीचा कोणी खरोखर गैरवापर केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली ३ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आजही आहे. तक्रारीची वेळ आली तर लिंक्ड डिव्हायसेसच्या पानाचे छायाचित्र उपयोगी पडेल. ते काढले नसेल तर दुकानातील भेटीची तारीख, वेळ आणि पाठवलेल्या फाइलींची यादी आजच लिहून ठेवावी.

पुन्हा : मनीषनगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी दुपारी दुकानात जाऊन आले. मालक स्वतः बसले होते आणि त्यांनी काहीही न बोलता खुर्ची माझ्याकडे वळवली. डाउनलोड फोल्डरमध्ये आमच्या ९ फाइली सापडल्या आणि डेस्कटॉपवर दोन्ही आधार एकत्र बसवलेले एक पान सापडले; ते येथे वाचले नसते तर मी ते शोधलेच नसते. सगळे माझ्यासमोर पुसले. पाठवलेले ७ संदेश रविवारीच काढून टाकले होते. दोघींचे बायोमेट्रिक लॉक केले आहे आणि आमच्या नावांवर अनोळखी क्रमांक नाही.

स्टोरेज सेन्सविषयी मी मालकांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते लगेच चालू करून घेतले. इतरांच्या फाइली मात्र त्यांनी त्या वेळी पुसल्या नाहीत, कारण काही मुले प्रवेशाच्या पुढच्या फेरीसाठी त्याच प्रती मागायला येतील असे त्यांचे म्हणणे होते. ते प्रमाणपत्र असलेल्या मुलीची फाइल अजून तिथेच आहे. तिला कळवण्याचा काही मार्ग मला दिसत नाही, म्हणून फेरी संपल्यावर एकदा पुन्हा जाऊन मालकांना आठवण करून देणार आहे.