गोदाम हलवायच्या आधी साधी खापरं टाकून द्यावीत का?

भालचंद्र: माझ्या ओळखीतल्या एका संग्रहालयाचं गोदाम नव्या इमारतीत जातंय. जुन्या उत्खननांतल्या खापरांच्या गोण्या छतापर्यंत रचल्यात. माझं मत: ज्यांना काठ, तळ, नक्षी काहीच नाही ती मोजून, वजन करून, फोटो काढून टाकून द्यावीत. पॉटरी यार्डात, म्हणजे उत्खननाच्या जागी खापरं मांडून निवडतात तिथे, तरी वेगळं काय होतं? नोंद झाली की भांड्याच्या पोटाचे साधे तुकडे बहुधा तिथेच सोडतात. आज गोण्यांनी जागा अडवल्यामुळे जोर्वे भांड्यांच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन रंगीत भांड्यांच्या, तोट्यांना धड पेट्या मिळत नाहीत.

अनघा: साफ विरोध. गुजरातेतल्या कोटडा भडली इथल्या हडप्पाकालीन खापरांत मुरलेल्या स्निग्धांशावरून तिथे दूध वापरात होतं हे 2020 साली समोर आलं. फोटोत हे दिसलं असतं का? पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचं उत्खनन 1968 ते 1983 चाललं, अहवाल 1988 मध्ये आला. तिथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांवर त्यानंतरही वाढ आणि कुपोषणाचे नवे प्रश्न घेऊन अभ्यास झाला. अहवाल छापला म्हणून ते सांगाडे कुणी टाकले नव्हते.

भालचंद्र: इनामगावचा सांगाडा कुठल्या घरातला, कुठल्या थरातला हे माहीत आहे. इथे गोण्यांवरच्या निम्म्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्यात. दूध सापडेलही, पण ते कुठल्या गावचं आणि कुठल्या काळातलं?

शिरीष: तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोण्यांबद्दल बोलताय. स्थळ, चर, थर लिहिलेली चिठ्ठी शाबूत असेल तर खापर कितीही साधं असो, ठेवाच. चिठ्ठी गेली असेल तर आधी खापरं धुळीतून काढून उलटून बघा. पुष्कळ वेळा आतल्या बाजूला शाईनं क्रमांक घातलेला असतो, तो उत्खननाच्या नोंदवहीशी जुळवता येतो. यातूनही ओळख पटली नाही तर, मग ती सुंदर नक्षीची का असेनात, कॉलेजांना शिकवायला द्या. हे सगळं हलवण्याआधीच व्हायला हवं. ट्रकमध्ये दोन फाटक्या गोण्या एकमेकींत सांडल्या की नंतर कुणालाच वेगळ्या करता येणार नाहीत. आणि उत्खनन करणारी संस्था व पुरातत्त्व खातं यांच्या लेखी परवानगीशिवाय एकही तुकडा बाहेर जाऊ नये.

अनघा: कॉलेजांना देणं मान्य. पण उरलेली टाकणार कुठे? नदीकाठच्या शेतात ओतलीत तर उद्या सर्वेक्षणाला आलेला विद्यार्थी तिथे ताम्रपाषाणयुगीन वसाहत होती असं लिहून मोकळा होईल. पुरायचीच असतील तर खड्ड्यात तारखेचा पत्रा घाला आणि जागेची नोंद ठेवा.

भालचंद्र: हे मी धरलं नव्हतं, पटलं. शाईचे क्रमांकही तपासायला सांगतो. पण ज्या गोण्यांवर गावाचं नाव आहे आणि थर नाही, त्यांचं काय? माझ्या मते नमुना ठेवून बाकीच्या काढाव्यात.

अनघा: नाही. गाव कळतंय तोवर ती मातीही कळते. माती कुठून आणली, भांडं स्थानिक की बाहेरचं, एवढं तपासायला थर लागत नाही. त्या गोण्या राहू द्या.

भालचंद्र: त्यासाठीही मूठभर नमुना पुरतो. इथे मी माझ्या मतावर ठाम आहे.