मदत हवी आहे: प्रसूती विभाग हलवतायत, लेखी म्हणणं कुठे द्यायचं?

घाटमाथा_77
सोमवारी बैठक आहे. इथल्या डिलिव्हरी बंद करून सगळ्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायच्या म्हणे. लोकांचं आणि कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणार, असं तोंडीच सांगितलंय. कागद काही नाही. लेखी द्यायचं तर कोणाला आणि काय लिहायचं? लवकर सांगा, फाटे फोडू नका.

झेंडू
वहिनींची तारीख कधीची आहे? तालुक्याला एखादी चांगली खाजगी डॉक्टर आत्ताच बघून ठेवा. सरकारीच्या भरवशावर राहू नका, माझ्या भावजयीच्या वेळी ऐनवेळी फार धावपळ झाली होती.

तात्या_पेन्शनर
माहितीचा अधिकार टाका. अर्जाला 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी तलाठ्यालाही सोडलेलं नाही.

घाटमाथा_77
बैठक सोमवारी आहे हो तात्या! आणि वहिनी कुठून आल्या मध्येच? मी स्वतः बाई आहे.

अनुस्वार
प्राथमिक आरोग्य केंद्र की ग्रामीण रुग्णालय? पीएचसी जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला की "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून आठवडाभर पडून राहतो. तालुका कुठला?

घाटमाथा_77
ग्रामीण. 30 खाटा. तालुका सांगत नाही, लगेच ओळखतील.

लेस्टरवाली
इथे इंग्लंडमध्ये असं परस्पर करता येत नाही, लोकांना सहभागी करून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. उत्तर लंडनमध्ये रॉयल फ्री की व्हिटिंग्टन, कुठला प्रसूती विभाग बंद करायचा यावर डिसेंबर 2023 ते मार्च 2024 मतं मागवली. निर्णय 2025 च्या मार्चमध्ये झाला.

तात्या_पेन्शनर
म्हणजे एक बंद केलाच ना? मग मतं कशाला मागवली?

लेस्टरवाली
रॉयल फ्रीचा. पण का, ते छापील मिळालं. तुम्हीही आधी पर्यायांचा कागद मागा, नुसतं बोलून परत येऊ नका.

माळरान
डॉक्टर म्हणून सांगतो, भूलतज्ज्ञ नाही, रक्तसाठा नाही, तर बंद झालेलंच बरं. बाळंतपण नॉर्मल होतं हे ते पार पडल्यावरच कळतं. रक्तस्राव सुरू झाला की हातात फार तर दोन तास असतात.

अनुस्वार
आणि तोच रक्तस्राव घाटात, 108 मध्ये सुरू झाला तर? सिझर पाठवा की, कोण नाही म्हणतंय. सगळ्याच कशाला?

माळरान
सरकारने स्त्रीरोगतज्ज्ञ दिला नाही, त्याचा राग माझ्यावर काढू नका.

झेंडू
आमची आजी नऊही वेळा सुईणीच्या हातून घरीच बाळंत झाली. डिंकाचे लाडू आणि शेक, बस्स.

माळरान
नऊपैकी जगली किती?

घाटमाथा_77
भांडणं नंतर करा ना! मी तिथलीच स्टाफ नर्स आहे, कंत्राटी, 11 महिन्यांची ऑर्डर. म्हणून विचारतेय की सही कुठल्या कागदावर करायची.

अनुस्वार
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं. एकटीच्या नावाने काही देऊ नका. सगळ्या सिस्टर आणि मावशींचं मिळून एक निवेदन, वैद्यकीय अधीक्षकांमार्फत, आणि आवक नंबर घ्याच. दुसरा कागद गावांचा. ग्रामसभेचा ठराव सोमवारपर्यंत व्हायचा नाही, पण सरपंचांची पत्रं रुग्ण कल्याण समितीला जाऊ शकतात. आशांना बैठकीला घेऊन या, रात्री बाईबरोबर त्याच येतात. निवेदनात भावना कमी, रजिस्टरचे आकडे जास्त: वर्षात डिलिव्हरी किती, रात्रीच्या किती, रेफर किती, गाडी किती वेळाने आली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे, त्यात घरून आणणं, रेफर करणं आणि बाळंतिणीला परत घरी सोडणं, तिन्ही मोफत. एवढ्या लांबून परत सोडायला गाडी कुठली, ते लेखी विचारा. सोबतच्या सासूने तिथे राहायचं कुठे, तेही.

घाटमाथा_77
रेफरची वेळ रजिस्टरला असते. गाडी कधी आली ते मी केसपेपरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते. ते चालेल?

अनुस्वार
चालेल. नुसत्या वेळा उतरवून तक्ता करा. केसपेपर बाहेर काढू नका, नावं कुठेही येऊ देऊ नका.

तात्या_पेन्शनर
पेन्सिलीचं कोणी धरत नाही. 108 कडून वेळा माहितीच्या अधिकारातच मागवाव्या लागतील.

घाटमाथा_77
तात्या, सोमवार!!
बाकीच्यांना थँक्यू. रात्रपाळी आहे, तक्ता तिथेच करते.

झेंडू
सिस्टर आहात तर विचारते, बीसीजी तुमच्याकडे रोज देतात का? आमच्याकडे म्हणतात दहा बाळं जमली की या.