गांजा आणि व्यायाम करणाऱ्यांचे हार्मोन: सगळे टेस्टोस्टेरॉनच्याच मागे का?

रानवाट
नियमित व्यायाम करणाऱ्यांत गांजाचा विषय निघाला की दोन टोकं ठरलेली. एक म्हणतं, टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन) कोसळतं, कमावलेलं सगळं उतरतं. दुसरं म्हणतं, माझा रिपोर्ट नॉर्मल आहे, विषय संपला. माझ्या मते दोघंही भलत्याच आकड्याकडे बघताहेत.

भांडण जुनं आहे. १९७४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. कोलोडनी आणि सहकाऱ्यांनी नेहमी गांजा ओढणारे २० तरुण तपासले. त्यांचं टेस्टोस्टेरॉन न ओढणाऱ्यांपेक्षा बरंच कमी निघालं. मेंडेल्सन यांच्या गटाने २७ जणांना देखरेखीखाली ठेवून तीन आठवडे गांजा ओढू दिला आणि रक्त तपासत राहिले. फरक सापडला नाही. तेव्हापासून ज्याला जो सोयीचा, तो तो निबंध पुढे करतो.

टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या हार्मोन ताब्यात ठेवणाऱ्या भागातल्या सीबी१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या इशारे झेलणाऱ्या जागांवर, काम करतं. तिथून पिट्यूटरी ग्रंथीला जाणारा इशारा मंदावतो, तिचं एलएच हे हार्मोन कमी सुटतं, आणि एलएचशिवाय वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा निरोप जात नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही साखळी ठळक दिसते. माणसांत मात्र परिणाम दिसला तरी बराचसा तात्पुरता असतो आणि रोजच्या वापराला शरीर सरावतं. म्हणजे एका सकाळच्या रक्तावरून ना घाबरायचं, ना निर्धास्त व्हायचं. मी तरी शुक्राणू, पाळी, कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) आणि झोप यांकडे आधी बघेन.

लोहार
असहमत. "परिणाम तात्पुरता" हे वाक्य रोज ओढणाऱ्याला कसं लागू पडेल? त्याचा तात्पुरता परिणाम रोज होतो. वजनं उचलणारा माणूस प्रथिनं मोजून खातो, झोपेची वेळ पाळतो, आणि त्याच यंत्रणेच्या वरच्या टोकाला दररोज ब्रेक लावतो. सरावतं म्हणता, पण किती सरावतं ते माणसागणिक वेगळं. खात्री नसेल तेव्हा टाळावं, एवढं साधं आहे.

रानवाट
टाळावं याला माझी ना नाही. पण कारण खरं द्या. नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठात नेमका याच गटाचा, म्हणजे नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषांचा, छोटा अभ्यास झालाय. टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसोलमध्ये ओढणारे आणि न ओढणारे यांच्यात फरक निघाला नाही. सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाची खूण, ओढणाऱ्यांत थोडी वर झुकलेली होती, पण ठामपणे बोलण्याइतकी नाही.

निवांत
धन्यवाद, रानवाट. हेच मी कधीपासून सांगतोय. संध्याकाळी थोडा ओढतो, झोप लागते, सकाळी पळायला जातो. रिपोर्ट उत्तम. दारू पिणाऱ्यांना कुणी हार्मोन विचारत नाही, आमच्या मागे मात्र सगळे हात धुऊन लागतात.

आकडेमोड
@निवांत, रानवाटने तुमच्या बाजूने काही लिहिलेलं नाही, परत वाचा.

आणि "रिपोर्ट उत्तम" म्हणजे काय? रक्त किती वाजता दिलं? टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, संध्याकाळी उतरतं. आदल्या दिवशी दमछाक होईपर्यंत पळालात तरी आकडा हलतो. २०१७ साली अमेरिकेतल्या आरोग्य सर्वेक्षणातल्या १,५७७ पुरुषांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. कधीतरी ओढलेले आणि कधीच न ओढलेले यांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक नव्हता. उलट ज्यांनी अलीकडेच ओढला होता त्यांचं थोडं जास्त होतं! याचा अर्थ गांजाने टेस्टोस्टेरॉन वाढतं असा काढू नका. ज्यांचं मुळात जास्त असतं ते असल्या गोष्टींकडे जास्त वळत असतील, हीही एक शक्यता आहे. त्यात तंबाखू मिसळून ओढणारे वेगळे काढणं ही आणखी एक कटकट.

लोहार
मग २०१५चा डेन्मार्कचा अभ्यासही सांगा ना. १,२१५ तरुण. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त ओढणाऱ्यांत शुक्राणूंची घनता २८ टक्के कमी, एकूण संख्या २९ टक्के कमी. आणि टेस्टोस्टेरॉन? कमी नाहीच, उलट जास्त. निवांतराव, तुमचा "उत्तम" रिपोर्ट या पोरांकडेही असता.

रानवाट
लोहार, हेच तर मी वर म्हणतोय, शुक्राणू बघा म्हणून. तुम्ही असहमत म्हणून सुरुवात केलीत आणि पुरावा माझाच आणलात :)

लोहार
पुरावा कुणाचाही असो. तुमच्या "भलताच आकडा" या शब्दांतून लोक "भीती नाही" एवढंच उचलतात. वर एकाने उचललंच की.

सायली_धावते
एवढ्या प्रतिसादांत बाईचं शरीर कुठे आहे? रानवाटने "पाळी" हा एक शब्द टाकला आणि पुढे सगळे पुरुषांच्या आकड्यांत रमले.

मेंडेल्सन यांच्याच गटाने १९८६मध्ये स्त्रियांवर प्रयोग केला. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात गांजाची एक सिगारेट ओढल्यावर एलएच सुमारे ३० टक्क्यांनी खाली आलं. पुरुषात एलएच तासभर घसरलं तर दिवसभरात भरून निघू शकतं. आमच्याकडे एलएचची उसळी ठरावीक वेळीच यावी लागते, नाहीतर त्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही. आणि लांब पल्ल्याचं धावणाऱ्या बाईची ही यंत्रणा आधीच ताणलेली असते. सराव जास्त आणि खाणं कमी पडलं की हायपोथॅलॅमस स्वतःहूनच इशारे कमी करतो, पाळी लांबते, मग थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. गांजा दाबतो ती जागा तीच. दोन्ही एकत्र आले तर काय होतं यावर मला धडाचा एक अभ्यास मिळाला नाही, पण माझ्या गटातल्या मुलींना मी थांबायला सांगते.

आकडेमोड
सायलीताई, मुद्दा पटला. फक्त एका सिगारेटवरून महिनोन्‌महिन्यांच्या वापराचा अंदाज बांधायला नको. आणि पाळी लांबलेल्या धावपटूने आधी ताटात बघावं. सगळं खापर गांजावर फोडलं तर खरं कारण तसंच राहील.

सायली_धावते
ताटात बघतोच हो आम्ही. दोन्हीकडे बघता येतं.

निवांत
बरं, कॉर्टिसोलचं काय? ताण कमी होतो म्हणजे कॉर्टिसोल कमी होणार, म्हणजे स्नायूंना फायदाच. हे तरी मान्य करा.

रानवाट
नाही करत. सवय नसलेल्याने ओढला तर कॉर्टिसोल वाढतं, कमी होत नाही. रोजच्या वापराने ही वाढ बोथट होते, आणि प्रयोगशाळेत मुद्दाम ताण दिला तरी रोज ओढणाऱ्यांचं कॉर्टिसोल फारसं उसळत नाही. ऐकायला छान वाटतं. पण जोरदार सरावाच्या वेळी ते वर जायलाच हवं. साखर रक्तात आणणं, रक्तदाब सांभाळणं, नंतर दाह आवरणं ही त्याची कामं. ते सतत चढलेलं असणं वाईट, आणि लागेल तेव्हा न चढणंही काही फायद्याचं नाही.

झोपेचंही तसंच. लवकर लागते हे खरं. पण टीएचसीने स्वप्नांच्या झोपेचा टप्पा कमी होतो, आणि सवयीनंतर बंद केलं की काही दिवस झोप पार विस्कटते. निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तेव्हा दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं होतं. गांजाचा त्यात संबंधही नव्हता. म्हणून झोपेचा हिशेब आधी.

खेळपट्टी
थोडं अवांतर. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टीएचसी चरबीत साठतं आणि व्यायामाने चरबी वापरली गेली की परत रक्तात येऊ शकतं. सिडनीत नेहमी ओढणाऱ्या १४ जणांना ३५ मिनिटं सायकल चालवायला लावली, तर रक्तातलं टीएचसी थोडं वाढलं. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत टीएचसीवर स्पर्धेच्या काळात बंदी आहे. लघवीतली मर्यादा २०१३मध्ये १५वरून १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर झाली. तरीही २०२१मध्ये अमेरिकेची धावपटू शाकॅरी रिचर्डसनचं ऑलिम्पिक हुकलंच. सीबीडी, म्हणजे गांजातलंच नशा न आणणारं द्रव्य, २०१८पासून यादीत नाही.

निवांत
मी स्पर्धेत नाही, मला मूलही सध्या नको. मग माझं काय बिघडतंय?

लोहार
"सध्या" हा शब्द तुम्हीच लिहिलात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंतचा प्रवास. आज सोडलात तरी फरक दिसायला तीनेक महिने जातील. वीर्यतपासणी एकदा आत्ता करा, एकदा सोडून तीन महिन्यांनी. रक्ताचा रिपोर्ट इथे पुन्हा दाखवू नका.

निवांत
करतो. पण दुसरी सोडल्यावर करायची की नाही, ते पहिलीचा आकडा बघून ठरवेन.