औपचारिकता, सोपस्कार की रीतसर?

खाडीकाठ: मालवणजवळच्या एका सहकारी संस्थेची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. मूळ मुद्दा असा की संस्थेत फॉर्मॅलिटी पाळली की दुबळ्या सभासदालाही आधार मिळतो. मी ‘औपचारिकता’ लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे नावापुरतं ना?” तिथेच अडलंय.

सड्यावरची: अध्यक्षांचं काय चुकलं? औपचारिक भेट म्हणजे चहा पिऊन उठणं. सोपस्कार तर नेहमी ‘उरकले’च जातात. ‘रीतसर’ घ्या. रीतसर नोटीस, रीतसर ठराव. या शब्दाला कोणी हसत नाही.

खाडीकाठ: ताई, मला नाम हवंय. ‘रीतसरपणा’ कसंसंच वाटतं.

सड्यावरची: मग वाक्य फोडा. ‘कामकाज रीतसर चाललं की गरीब सभासदाचंही ऐकावं लागतं.’ नामाचा हट्ट इंग्रजीचा.

शब्दवेडा: औपचारिक आलं उपचारावरून. षोडशोपचार पूजा आठवा, सोळाच्या सोळा उपचार आदराचे. शब्द पोकळ आपण केला.

गुहागरकर: आपण कुठला! संस्कृतात औपचारिक म्हणजे लाक्षणिक, मुख्य नव्हे तो अर्थ. पोकळी जुनीच आहे.

दप्तरदार: ग्रामपंचायतीत नोकरी झाली माझी. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असतील ते लागतात. तहकूब सभेला ती अट नाही. हे ठाऊक असलेले पुढारी पहिल्या सभेला माणसं जमूच देत नाहीत. पुढे सगळं कसं रीतसर! ताईंचा स्वच्छ शब्दही मळलाच की.

मायमराठी: ‘तहकूब’ कशाला? ‘स्थगित’ म्हणा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, ‘दिनांक’, ‘महापौर’ त्यांनीच दिले. कोकणातल्या माणसाने तरी विसरू नये.

दप्तरदार: रुजले ते वापरतोच की. पण शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश होऊनही ‘अर्ज’ हटला नाही. तुम्ही तहसीलात ‘विनंतीपत्र’ घेऊन जा, कारकून विचारेल, अर्ज कुठाय?

मायमराठी: कारकुनाने भाषा ठरवायची का?

गुहागरकर: बहुतेक वेळा त्यानेच ठरवलीय.

गजाली: आमच्या रवळनाथाक गाऱ्हाणा घालतत तेव्हा मानाचो क्रम चुकलो तर राडो होता. ‘व्हय म्हाराजा’ म्हणूक सगळो गाव उभो. ह्येका तुमी काय म्हणतलास?

सड्यावरची: तो मान. मान घराण्यात राहतो. सभेत ठरावाला सूचक-अनुमोदक कोणीही सभासद होतो, अगदी कालचा पोरसुद्धा. खाडीकाठ यांच्या पुस्तिकेत नेमका हाच फरक यायला हवा.

शब्दवेडा: आणि त्या मानावरून लोक मे. कोर्टात जातात! ‘मे.’ म्हणजे मेहेरबान, बरं का.

गुहागरकर: मग दुकानाच्या पाटीवर ‘मे. अमुक आणि कंपनी’ असतं ते? कंपनी कसली मेहेरबान?

दप्तरदार: ते मेसर्स.

मायमराठी: दोन्ही परके. ‘मा.’ लिहा.

खाडीकाठ: मंडळी, पुस्तिका सोमवारी छापायला जायची आहे.

शब्दवेडा: हो हो. पण ‘मे’पुढे टिंब द्यायचं की लाघवचिन्ह (॰), ते पुस्तिकेत कसं ठेवलंयत?