आरशासमोरची वाक्यं सगळ्यांना लागू पडत नाहीत

रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी गुणी आहे, मी सगळ्यांना आवडते' असं म्हणायचा जो उपाय स्वतःबद्दलचं मत सुधारावं म्हणून बरेचदा सुचवला जातो, तो सरसकट सगळ्यांना देऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना अशा वाक्यांनी किंचित बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण हा उपाय सांगतो, त्यांना उलट आणखीच वाईट वाटलं. माझ्या भाचीचं असंच व्हायचं: 'मी हुशार आहे' म्हटलं की तिला गणितातले गुणच आठवायचे.

तिला उपयोग झाला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराचा. ते म्हणायचे, कृतीचं मूल्यमापन जरूर करा, अख्ख्या माणसाचं करू नका. म्हणजे 'पेपर वाईट गेला' इथेच थांबायचं, तिथून 'मी नालायक' पर्यंत जायचं नाही. वाईट गेलेल्या पेपरचा अभ्यास मग करता येतो. आणि यात स्वतःशी न पटणारं काही बोलावंही लागत नाही, म्हणून तिला ते पचलं.