खेळाडूंना न दमवता एरोबिक क्षमता कशी मोजावी? मदत हवी आहे

नमस्कार. मी मध्यम पल्ल्याच्या धावपटू मुलींना प्रशिक्षण देते. ऐन हंगामात बीप टेस्ट (बीपच्या तालावर वाढत्या वेगाने दमेपर्यंत धावण्याची चाचणी) घेतली की त्यांचे पाय जड होतात आणि पुढच्या दिवसाचा सराव हातचा जातो, म्हणून क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट घेण्याचा विचार आहे. तिच्यात ४१.३ सेंटीमीटर उंच पायरीवर मिनिटाला २२ वेळा या लयीत ३ मिनिटे चढउतार करून, थांबल्यानंतर पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजतात. या १५ सेकंदांत ३६ ठोके भरले, तर मिनिटाला १४४ धरून ६५.८१ मधून ०.१८४७ गुणिले १४४ वजा करायचे. उत्तर, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याचा अंदाज (हीच एरोबिक क्षमता), सुमारे ३९ मिलिलिटर प्रति किलो प्रति मिनिट येते.

माझी खरी अडचण पुढेच आहे. हे सूत्र महाविद्यालयीन विद्यार्थिनींवरून बांधलेले असून, नाडी १०० पर्यंत उतरली तरी उत्तर ४७ च्या आसपासच राहते; त्यामुळे कसलेल्या धावपटूची क्षमता कमी दिसेल, असे मला वाटते. अशा वेळी सूत्र बाजूला ठेवून प्रत्येकीच्या नाडीची तिच्याच आधीच्या नोंदीशी तुलना करणे अधिक विश्वासार्ह ठरेल का? सायकलवरील ६ मिनिटांची ऑस्ट्रँड चाचणी धावपटूंसाठी कोणी वापरली आहे का? उन्हाळ्यात उष्म्याने नाडी वाढते, तेव्हा आपण नोंदी कशा जुळवता, हेही कृपया सविस्तर सांगावे.