पहिलीसाठी ३१ डिसेंबर की ३१ मार्च?

मुलीला नोव्हेंबरात सहा पूर्ण होतात, तर जूनमध्ये पहिलीत घेतील का, असं एका पालकांनी विचारलंय. महाराष्ट्रात राज्याच्या शाळांत घेतील. सहा वर्षं पूर्ण व्हायची शेवटची तारीख म्हणून आधी ३० सप्टेंबर धरायचे, २०२० मध्ये ती ३१ डिसेंबर झाली. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चलाच सहा पूर्ण लागतात. बदलीची नोकरी असेल तर हे आधीच बघून ठेवा, नाहीतर मधल्यामध्ये लटकायला होतं.

जन्मदाखल्यासाठी कुणी अडवत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १४ दाखवा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

बाकी, घेतात म्हणून घालायचंच का, हा प्रश्न वेगळा. आमचा डिसेंबरचा, वर्गात सगळ्यात लहान. पहिले दोन महिने डबा भरलेलाच परत यायचा. आम्हाला वाटलं भाजी आवडत नाही. मग कळलं, स्टीलच्या डब्याचं झाकणच त्याला उघडत नव्हतं, आणि बाईंना सांगायची लाज! प्लॅस्टिकचा डबा घेतला. अक्षर मात्र दुसरीच्या दिवाळीपर्यंत ओळ सोडून पळत होतं.